गाळलेली जागा

माझा धाकटा भाऊ अकोल्याच्या एका जिनिंगमध्ये हमाली करायचा. एकदा रुईच्या गाठींची थप्पी कोसळली आणि एका गाठीनं त्याचं डोकं भिंतीवर आपटलं. जीव वाचला, पण डोक्यात काही टिकेना. सकाळी सांगितलेलं दुपारी विसरे. भीती तेवढी टिकली. कुठं धप्प आवाज झाला की बाजेखाली शिरे. मी त्याला अमरावतीला माझ्याकडे आणलं.

अकोल्याचे डॉक्टर म्हणाले, "घडलेलं त्याच्याच तोंडून येऊ द्या, भीती ओसरेल. पण याच्या डोक्याला झेपेल तसं. रोज एकच वाक्य, थकला की बंद. आणि त्याला न आठवलेलं पदरचं घालू नका."

मी प्राथमिक शाळेतली मास्तरीण. तो सांगे ते पाटीवर लिहून त्याच्याकडून म्हणून घेऊ लागले. सकाळची भाकर आठवली, थप्पी आठवली, पुढं एकदम दवाखाना. मधलं कोरं. आता, गाळलेली जागा रिकामी सोडणारी मास्तरीण मी नव्हे! मुकादम म्हणाला होता, यानंच खालची गाठ ओढली. मी तिथं लिहिलं, 'माझी चूक झाली.' घोकून घेतलं. महिन्याभरात तो सगळं धडाधड म्हणू लागला. मी शेजारणींना बोलावून ऐकवलंसुद्धा.

पुढच्या खेपेला त्याला अकोल्याला नेलं, तेव्हा डॉक्टरांनी ऐकलं. "हे मधलं कुठून आलं?"

"त्याचं त्यालाच आठवलं," मी म्हणाले.

"मग असू द्या."

दिवाळीनंतर त्याच्या जोडीचा हमाल भेटायला आला. ओसरीवर बसला आणि रडायलाच लागला.

"थप्पी माया अंगावर येऊन राह्यली होती, बाई. यानं मले ढकललं, म्हून मी जित्ता हाओ. मुकादमानं आपली मान सोडवून घेतली."

भावानं त्याच्यापुढं हात जोडले. "मायी चूक झाली."

मी पाटी पुसली. 'मी त्याला वाचवलं' असं लिहिलं. किती महिने घोकवलं, पण संध्याकाळपर्यंत ते निसटून जायचं. जुनं मात्र पक्कं बसलेलं. सांगायला लाज वाटते, पण डॉक्टरांपुढं खरं बोलायला मी कधीच गेले नाही.

बाजेखाली शिरणं त्याचं थांबलं, हे खरं. एकदा माझ्या हातून परात पडली. मागं वळून पाहते तो भाऊ दारात हात जोडून उभा.

"मायी चूक झाली, बाई."