उडणारी माणसं आणि आमचे वामनराव

प्रकाशनाच्या धंद्यात पुस्तकं खपोत न खपोत, किस्से मात्र रद्दीसारखे साचतात. रद्दी न्यायला निदान कोणीतरी येतं. किस्से न्यायला कोणी येत नाही. म्हणून तुम्हाला बसवून घेतलं. चहा सांगितलाय.

आमचं ऑफिस नागपुरात गांधीबागेत, कापडाच्या दुकानांच्या वर. मालक वामनराव, मुद्रितं तपासणारा मी. आणि सगळ्या भानगडीचं मूळ म्हणजे नंदाताई. सावनेरला शाळेत इंग्रजी शिकवतात. त्यांनी एका अमेरिकन कादंबरीचा अनुवाद आणला. काळ गुलामगिरीचा, जागा कापसाचे मळे, आणि त्यात तिथल्या काळ्या लोकांच्या जुन्या लोककथा. शेतात राबणारी माणसं एक दिवस थेट आकाशात उडून जातात!

वामनरावांनी पहिलाच प्रश्न टाकला, "हे इतिहास आहे का भुताटकी?"

"दोन्ही," नंदाताई म्हणाल्या.

"मंग दुकानदारानं ठेवायचं कोणत्या कप्प्यात?"

"दारात ठेवा म्हणा. दोन्हीकडून दिसन!"

*

मग कव्हर आलं. उडणारी माणसं फारच सुंदर होती. सगळी गोरीपान! एखाद्या क्रीमच्या जाहिरातीतून उडाल्यासारखी.

नंदाताईंनी विचारलं, "हे कोण लोक आहेत?"

वामनराव म्हणाले, "ताई, धंद्याचं समजून घ्या. काळं कव्हरवर उठून दिसत नाही."

"आतली अक्षरं तं सगळी काळीच आहेत. ते दिसून राहिले नं तुम्हाले?"

कव्हर बदललं. चित्रकार आजही माझ्याशी बोलत नाही. मी तर तोंडही उघडलं नव्हतं.

*

कादंबरीतले लोक दारं-खिडक्या निळ्या रंगवतात. भुताला तो रंग म्हणजे पाणी वाटतं, आणि ते ओलांडून आत येत नाही. वामनरावांना यात पब्लिसिटी दिसली. ऑफिसचं दार निळं करून टाकलं.

आता निळा म्हटला की नागपुरात कोणाची आठवण होते, ते मी सांगायला नको. नंदाताईंच्या घरानं तर दीक्षाभूमीवर दीक्षा घेतलेली. पण वामनरावांच्या डोक्यात फक्त भुतं होती.

एक दिवस त्यांचे मेहुणे जिना चढून आले आणि दारातच थबकले.

"काय हो, हा रंग काहून? लोक आपल्याले त्यांच्यातलंच समजतील नं!"

आत नंदाताई बसलेल्या. त्यांना पाहून मेहुण्यांनी घड्याळ पाहिलं, काहीतरी काम आठवलं, आणि उंबरा न ओलांडताच जिना उतरले.

मान वर न करता ताई म्हणाल्या, "पाहा भाऊ, रंग काम करून राहिला!"

*

पुस्तकावरच्या एका चर्चेत एक प्राध्यापक बोलायला उभे राहिले. हातात पुस्तक कोरं करकरीत, पान दुमडल्याचा आरोप कोणी करू शकला नसता.

"लेखकाने वास्तवाशी फारकत घेतली आहे," ते म्हणाले. "माणूस उडतो, हे बुद्धीला पटत नाही."

नंदाताईंनी फार नम्रपणे विचारलं, "सर, माणसं बाजारात विकली, लेकरं आईपासून तोडून विकली, ते पटलं?"

"अर्थात! तो इतिहास आहे."

"हां. म्हणजे फक्त उडणंच जास्त झालं!"

अध्यक्षांनी वेळेआधीच चहा जाहीर केला.

*

आता जरा मागे जाऊन सावनेरचा प्रकाशन समारंभ. समोरच्या सतरंजीवर नंदाताईंची आई बसलेली. तिची सारी उमर दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचण्यात गेलेली.

ताईंनी शेवटचं प्रकरण वाचलं. लेकरू पाठीशी बांधलेली बाई कापसाच्या ओळींमध्ये कोसळते. मुकादम चाबूक उगारतो. शेजारचा म्हातारा तिच्या कानात एक शब्द सांगतो, आणि ती लेकरासकट वर उठते. मग दुसरी उठते. मग सगळं शेतच.

वामनरावांनी चक्क डोळे पुसले. पण त्यांच्या भावनांना खपाकडे वळायला वेळ लागत नाही. माईक घेऊन उभेच राहिले.

"मंडळी, तो शब्द पुस्तकात कुठंच दिला नाही! वाचक विचारतील. दुसऱ्या आवृत्तीत आपण एखादा जबरदस्त शब्द टाकू. मोठ्या टायपात!"

टाळ्या पडल्या. नंदाताईंचा चेहरा उतरला. त्या काही बोलणार, तेवढ्यात आई गुडघ्यावर हात टेकून उठली.

"नोका छापू गा, भाऊ."

"काहून, आजी?"

"मालक बी वाचते नं!"