खिडकीतला दुसरा माणूस

रांगेत उभं राहण्यातलं सुख कळलेला माणूस या भूतलावर एकच झाला, आणि तो नेमका माझ्या ताईच्या नशिबी आला. रांग पाहिली की जगाच्या कपाळाला आठ्या पडतात. आमच्या भाऊजींच्या चेहऱ्यावर मात्र वाढलेलं पान समोर यावं तसं समाधान पसरायचं. रॉकेलची असो की दवाखान्याची, ते शेपटाला जाऊन उभे राहत, खिशातून छोटी वही काढत आणि दर माणसाला किती मिनिटं लागली ते टिपत. पुष्कळदा त्यांना रॉकेल नकोही असायचं. अंबरनाथच्या एका कारखान्यात ते कामाचा वेळ मोजायच्या खात्यात अधिकारी होते. रांगांचं म्हणून एक वेगळं गणित असतं, हे तिथल्याच कुठल्याशा जाडजूड पुस्तकात वाचून त्यांचं डोकं कायमचं फिरलं, असं ताईचं म्हणणं.

माझ्या लग्नाच्या साड्या आणायला ताईने एकदा त्यांना उल्हासनगरला धाडलं. गृहस्थ दुकानात शिरलेच नाहीत. दारासमोर भर उन्हात तासभर वही घेऊन उभे. किती गिऱ्हाइकं आत गेली, किती बाहेर आली, याची नोंद चाललेली. सिंधी शेठला वाटलं, विक्रीकर खात्याचा माणूस आला. त्याने लगबगीने खुर्ची मांडली, थंडा मागवला आणि हात जोडून म्हणाला, "साईं, धूप में क्यों खड़े हो? अंदर आओ, सब दिखाता हूँ." भाऊजी थंडा प्यायले, पैसे घ्यायच्या दोन गल्ल्यांपुढे दोन रांगा लावण्यापेक्षा दोन्हींना मिळून एकच रांग लावा असा सल्ला दिला आणि साड्या न घेताच घरी आले. ताईने दोन दिवस अबोला धरला. शेठने मात्र सल्ला मानला, हे आम्ही नंतर डोळ्यांनी पाहिलं.

घरातलं न्हाणीघरही त्यांच्या तावडीतून सुटलं नाही. ज्याला कमी वेळ लागतो तो आधी, असा नियम त्यांनी भिंतीवर लावला. त्यात सगळ्यांचं मिळून थांबणं सर्वांत कमी होतं म्हणे. ताईच्या सासऱ्यांना मात्र स्तोत्रासकट आंघोळीला पाऊण तास लागायचा, त्यामुळे त्यांचा नंबर शेवटचा तो शेवटचाच. चौथ्या दिवशी म्हातारबुवा पहाटेच पंचा गुंडाळून आत शिरले आणि कडी लावून सावकाश दोनदा स्तोत्र म्हणाले. भाऊजींनी बाहेर उभं राहून तोही वेळ टिपला.

पण या वेडाने एकदा एका माणसाची भाकरी वाचवली. कारखान्यात हत्यारं देणारी एक खिडकी होती. कामगार पितळी बिल्ला द्यायचा, ड्रिल घ्यायचा आणि मशीनवर परतायचा. खिडकीमागे दोघे जण. त्यातला एक अंबरनाथमधल्याच बुवापाड्याचा गायकवाड. घरी म्हातारी आई, दोन मुली, आणि नोकरी अजून कायम झालेली नव्हती. मोठे साहेब जेव्हा जेव्हा तिथून जात, तेव्हा तेव्हा गायकवाड पेपर वाचताना सापडे. साहेबांनी भाऊजींना बोलावून सांगितलं, इथे एक माणूस जास्त आहे, तेवढं मोजून कागदावर आणा. भाऊजींनी आठवडाभर मोजलं आणि आणलं ते उलटंच. गायकवाड निम्मा वेळ रिकामा असतो, आणि तो तसाच असायला हवा.

साहेब भडकले. भाऊजींनी शांतपणे सांगितलं, "साहेब, माणसं सारख्या अंतराने येत नाहीत, घोळक्याने येतात. खिडकी कायम गुंतलेली राहिली की रांग हटतच नाही. कुणीतरी रिकामं पाहिजे."

साहेबांनी गायकवाडला घरी बसवलंच. भाऊजींचं जेवणात लक्ष लागेना. तिसऱ्या दिवशी रांग खिडकीपासून पार पाण्याच्या टाकीपर्यंत गेली. मशीनं बंद, आणि ती चालवणारे कारागीर रांगेत तंबाखू मळत उभे. भाऊजीही वही घेऊन शेपटाला उभे होते, पण त्या दिवशी त्यांनी एक आकडासुद्धा लिहिला नाही, असं पाहणारे सांगतात. आठवड्याभरात गायकवाड परत आला, पुढे कायमही झाला. भाऊजींची बढती मात्र तेव्हा अडली ती निवृत्तीपर्यंत अडूनच राहिली. जगाच्या रांगा पुढे सरकवता, तुमची तेवढी हलत नाही, असं ताई म्हणायची. ते नुसते हसायचे.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, निवृत्त होऊन बदलापूरला शिरगावात राहायला आल्यावर, भाऊजी आजारी पडले. दवाखान्यात ताईची आणि माझी धावपळ चाललेली. गायकवाड रोज सकाळी अंबरनाथहून यायचा आणि बाहेरच्या बाकावर पेपर वाचत बसायचा. मला त्याचा थोडा रागच आला. इथे तुमचं काही काम नाही, घरी जा, असं मी त्याला म्हटलंही.

"असू द्या," तो म्हणाला. "तुम्ही दोघं कामात. मधीच काय लागलं तर एक माणूस रिकामा नको का? तुमच्या भाऊजींनीच शिकवलंय."

त्याच दुपारी भाऊजींना अचानक रक्त द्यायची वेळ आली. ताई डॉक्टरांपाशी होती, मी औषधांच्या रांगेत अडकलेलो. रक्तपेढीकडे धावला तो गायकवाड. मी पोचेपर्यंत बाटली लागलीसुद्धा होती. मला माझी लाज वाटली.

त्या आजारातून भाऊजी उठले नाहीत. पण त्या संध्याकाळी ते थोडे शुद्धीवर होते. बाहेर कोण आहे, असं त्यांनी हळूच विचारलं. मी म्हटलं, गायकवाड आहे, नुसता बसलाय.

"बसू दे," भाऊजी म्हणाले, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांना शांत झोप लागली.