नकाशातल्या खुणा

आमच्या कंपनीच्या कॅबचा ड्रायव्हर मोजकंच बोलतो, तेही आरशात बघून. गाडीच्या नकाशात मात्र त्याने स्वतःच्या खुणा घालून ठेवल्यात, प्रत्येकाच्या दारापाशी एक: 'उशीर', 'दोन हॉर्न', 'घोरणारे साहेब'. आम्ही सगळे त्यावर हसायचो. मी दारापर्यंत गाडी नेतच नाही, काळेवाडीच्या चौकातच उतरते. काल चाकणहून येताना पुढे बसले, तर स्क्रीनवर थेट माझ्या इमारतीवर खूण दिसली: 'एकटी'.

"दादा, हे पुसून टाका," मी म्हटलं.

सिग्नलला थांबल्यावर त्याने ती निमूटपणे पुसली. पुढे चौक आला, पण गाडी थांबली नाही. माझ्या फाटकाशी येऊनच त्याने ब्रेक दाबला.

"खूण लागत नाही, ताई," तो म्हणाला. "पाठ आहे."