महाडच्या खोलीतलं गाऱ्हाणं

कुडपण सोडलं तेव्हा बा उंबऱ्यात बसून तंबाखू मळत होता. त्यानं वर बघितलं नाय. एवढंच बोलला, "देव बदललास, आता दार पण बदल." आई चुलीपाशीच राहिली. माझी बायको सरू डोक्यावर गाठोडं घेऊन पुढं आणि मी मागं, अशी आम्ही पोलादपूरची वाट उतरलो. वाडीतली माणसं दारात उभी होती, पण सांभाळून जा असं कुणी म्हणालं नाय.

कुडपणवाल्यांनो, आणि तिथून पोटासाठी बाहेर पडलेल्यांनो, तेव्हा तुम्ही माझ्याबद्दल पुष्कळ ऐकलंत. माझ्या तोंडून काय ऐकलं नाय, म्हणून लिहितो. शाळा तिसरीपर्यंत झालीय, चुका पोटात घाला.

सरू तापानं गेल्यात जमा होती. डोलीतून घाट चढवून तिला मिशनच्या दवाखान्यात नेली. तिथल्या माणसांनी तिचं हगलंमुतलं काढलं आणि जात विचारली नाय. ती वाचली. ते दोघांच्या मनात बसलं आणि पुढं आम्ही बाप्तिस्मा घेतला. गावकीनं वाळीत टाकलं. बाला राग जास्त, कारण वाडीचं गाऱ्हाणं आमच्या घराकडं. शिमग्याला पालखीपुढं उभं राहून सगळ्यांच्या वतीनं देवाकडं मागणं मागायचं, आणि माणसांनी मागून "व्हय म्हाराजा" म्हणायचं. बाच्या मागं ते मला करायचं होतं.

महाडात भाताच्या गिरणीत पोती उचलायचं काम मिळालं. ख्रिस्ती मंडळी म्हणजे मोजकी घरं, उपासनेला एक खोली. तिच्या मागच्या पडवीत आम्हाला राहायला दिलं. उपासना चालवणारे पाळकसाहेब घाटावरून यायचे. दरड कोसळली की तेही नाय. एकदा जाताना मला म्हणाले, "मी नसेन तेव्हा प्रार्थना तू चालवायची."

मला घाम फुटला. कुडपणच्या रानात एकट्यानं गुरं राखली, तेव्हा कधी भ्यालो नाय. पण शिकलेल्या माणसांपुढं तोंड उघडायचं म्हटल्यावर भ्यालो. जेवण जाईना.

रविवारी उभा राहिलो. पाठ केलेलं सगळं विसरलो. आणि तोंडातून आपोआप बाचं गाऱ्हाणं निघालं. "बा देवा म्हाराजा, आज तुझी लेकरं तुझ्या पायाशी गोळा झाल्यात. कुणाच्या पोराबाळाला ताप-खोकला आसंल, तो दूर कर. कुणी वाकड्या नजरेनं बघत आसंल, त्याची नजर सरळ कर. एवढं केलंस तर तुला कोंबडं देऊ..."

जीभ चावली, पण बोलणं बाहेर पडलं होतं. तेवढ्यात बायकांतून सरूचा आवाज आला, "व्हय म्हाराजा." गाऱ्हाण्याला होकार द्यायचाच असतो, एवढंच तिला ठाऊक. मंडळीतल्या नर्सबाई म्हणाल्या, "धोंडिबा, कापणार कोण? तू की मी?" मग सगळी हसली.

मी हसलो नाय. एकीकडून वाळीत पडलेला माणूस, आता दुसरीकडून हाकलला तर जायचं कुठं? कुडपणची वाट बंद. पडवी गेली की डोक्यावर छप्पर नाय. गिरणीत पोतं पाठीवर घेतलं तरी हेच डोक्यात. सरूला म्हटलं, "काय होईल गो आपलं?" ती म्हणाली, "आधी भाकर खावा. पडवीतनं काढल्यावर भ्यायचंच हाय."

पाळकसाहेब आले. सगळं परत म्हणायला लावलं, कोंबड्यासकट. डोळे मिटून ऐकलं. म्हणाले, "हे मागणं कुणाकडं मागितलंस?"

"तुम्ही मागता त्याच्याकडंच."

"मग असंच मागत जा. कोंबडं तेवढं सोड. आपल्यासाठी बळी द्यायचा तो त्यानं स्वतःचाच देऊन टाकलाय."

पडवी राहिली. पण भीती गेली असं समजू नका. पुढं जन्मभर मंडळीचा वडील, म्हणजे कारभारी, म्हणून उभा राहिलो, आणि दर रविवारी पाय लटलटले.

काही वर्षांनी बा बाजाराला महाडला आला. प्रार्थना सुटली तर हा गल्लीत उभा. मला धडकी भरली, आता चारचौघांत शिव्या देतो. तो म्हणाला, "गावच्या शिवेचं नाव नाय घेतलंस. हद्दीची नावं घेऊन शीव बांधल्याबिगर गाऱ्हाणं पुरं व्हत नाय."

"इथली शीव मला ठाऊक नाय, बा."

"मग करून घे ठाऊक. आता हितंच ऱ्हायचं हाय ना तुला?"

सरूनं पाणी आणलं. प्यायला नाय, पण तांब्याला हात लावला आणि गेला. तेव्हापासून मी सावित्री नदीपासून गांधारी नदीपर्यंत सगळ्यांसाठी मागायला लागलो.

औंदा सरू गेली. तिला इथंच पुरली. नवे पाळक पोरसवदा आहेत, म्हणाले, आजोबा, तुम्हीच प्रार्थना करा. खड्ड्याच्या काठाशी उभा राहिलो आणि आवाजच फुटला नाय. तीच भीती, पण आता घरात भाकर खा म्हणणारं कुणी नाय.

थोरला पोरगा पनवेलला न्यायला बघतो. एकटे पडाल म्हणतो. खरं आहे, संध्याकाळी दिवा लावायला उठलो की घाबरायला होतं. तरी त्याला नाय म्हटलं. म्हटलं, कुडपण सोडलं तेव्हा तुझी आई पुढं चालत होती. आता कुणाच्या मागनं जाऊ?