मी हाय

नातवंडांनो, नव्या कार्पेटचा वास आला की मला हिंजवडीतलं ते थंडगार सभागृह आठवतं. खेड्यापाड्यांतल्या गोरगरिबांपर्यंत तंत्रज्ञान कसं पोहोचवावं, याचं देशासाठी धोरण ठरत होतं आणि इंग्रजी मसुद्याचं मराठी करायला मला, शाळेतल्या मराठीच्या शिक्षिकेला, बोलावलं होतं. पेन्शनसाठी लागणारा हयातीचा दाखला आता फोनवर यंत्राला उत्तर देऊन मिळणार होता. ते दाखवायला धायरीच्या एका वृद्ध विधवा बाईंना आणलं होतं. यंत्राने गोड आवाजात विचारलं, "आपण हयात आहात का?" "हाय की," बाई म्हणाल्या. त्यांच्या बोलीतलं 'आहे' यंत्राला इंग्रजी 'हाय' वाटलं. "नमस्कार! आपण हयात आहात का?" "हाय, हाय!" "नमस्कार! आपण हयात आहात का?" सभागृह हसलं. बाईही हसल्या, "अगं बये, रामराम किती घालशील?" तेवढ्यात पडद्यावर लाल अक्षरं उमटली: उत्तर नाही, लाभार्थी मृत. हसणं थांबलं. "प्रात्यक्षिकच आहे, आजी," म्हणत यंत्र दाखवणारे साहेब बटणं दाबत राहिले, पण अक्षरं जाईनात. नोंद खरीच झाली होती. "पुढच्या मसुद्यात सुधारणा करू," ते मला म्हणाले. बाईंनी माझा हात धरला. त्यांचा हात गार पडला होता. "बाई, मी हाय, हे आता कुणाला सांगू?" आज सकाळी माझ्या पेन्शनच्या दाखल्यासाठी त्याच गोड आवाजाचा फोन मला आला. मी वर्गात शिकवल्यासारखं स्वच्छ "आहे" म्हटलं. मग त्या आवाजाने पुन्हा तेच विचारलं.