चार इंची भिंत

मोठी घरं कापून त्यांची लहान लहान घरं करण्यात मिस्त्रींचं अर्धं आयुष्य गेलं होतं आणि आता त्यांना या कामाचा मनापासून कंटाळा आला होता. मालकाला मोठं घर झेपत नाही, गरजूला मोठं भाडं झेपत नाही. मग दोघांच्या मध्ये ओळंबा धरून मिस्त्री उभे. दिवाणखान्याच्या दोन खोल्या करा, जेवणघरात मोरी बसवा, जिन्याखाली संडास काढा. तरुणपणी त्यात गंमत वाटायची. आता सकाळी थापी हातात घेतली की आधी गुडघे कुरकुरायचे.

पण गुडघ्यांपेक्षा जास्त छळलं ते तक्रारींनी. जागा वाचावी म्हणून मालक चार इंची भिंत घालायला लावायचे आणि राहायला आलेली माणसं रस्त्यात मिस्त्रींनाच गाठायची. "मिस्त्री, शेजारी कूस बदलतो तेही कळतं हो." "मिस्त्री, त्यांची भांडणं आम्हाला तोंडपाठ झालीत." विटा वाचवायच्या मालकानं आणि बोलणी खायची यांनी. शेवटी त्यांनी ठरवून टाकलं, यापुढे दोन बिऱ्हाडांमध्ये नऊ इंचीच भिंत, नाहीतर दुसरा माणूस बघा. बायको म्हणाली, "एवढी जाड भिंत आपल्या दोघांत घातली असती तर माझा संसार सुखाचा झाला असता." मिस्त्रींना हसायचाही कंटाळा आला होता.

त्याच सुमारास बाईंचं काम आलं. बाई सत्तरीच्या, एकट्या. नवरा वारलेला, मुलगा परदेशात. घर दुमजली, आणि भिंती अशा की खिडकीच्या कट्ट्यावर माणसानं खुशाल आडवं व्हावं. घराची चार बिऱ्हाडं करायची होती. मागच्या मोठ्या खोलीत मधोमध भिंत घालून अलीकडे बाई राहणार, पलीकडे भाडेकरू. मिस्त्रींनी दोरी लावून आखणी केली, तशा बाई काठी टेकत आल्या.

"एवढी जाड कशाला? चार इंची घाला."

"बाई, चार इंचीतून सगळं ऐकू येतं."

"म्हणूनच म्हणते."

"उद्या भाडेकरू माझ्या नावानं खडे फोडतील."

"फोडू देत."

मिस्त्री वैतागले. साठीला टेकलेल्या माणसानं अजून किती बोलणी खायची? ते दोरी गुंडाळायला लागले. "मग दुसरा मिस्त्री बघा. माझ्याच्यानं नाही होणार."

बाई कट्ट्यावर बसल्या. "हे न्हाणीघरात पडले तेव्हा मी स्वयंपाकघरात चहा करत होते. हाका मारल्या असतील त्यांनी. साधा टॉवेल विसरला तरी हाका मारायचे. या भिंतींतून मला काही ऐकू आलं नाही. चहा गार झाला तेव्हा बघायला गेले." त्यांनी काठीनं शेजारच्या जाड भिंतीवर ठोकलं. "लोकांना वाटतं, मी भाड्यासाठी घर कापतेय. मला भीती वाटते, मिस्त्री. मी पडले तर कुणाला तरी ऐकू गेलं पाहिजे."

मिस्त्रींनी दोरी पुन्हा सोडली आणि भिंतीची जाडी निम्मी केली. गिलावा वाळल्यावर पलीकडून त्यांनी नेहमीच्या आवाजात "बाई" म्हटलं. अलीकडून "हो" आलं.

पलीकडे एक बसचालक बायको-मुलांसह राहायला आला आणि थोड्याच दिवसांत मिस्त्रींच्या नव्या कामावर येऊन धडकला. मिस्त्री वाळू चाळत होते.

"कसली भिंत घातलीत हो? म्हातारी रात्रभर खोकते. मला पहाटे गाडी काढायची असते, डोळ्याला डोळा लागत नाही. आतून काहीतरी जाड लावून द्या, खर्च मी करतो."

मालकाला विचारा, हे ठरलेलं उत्तर मिस्त्रींच्या तोंडावर आलं होतं. पण त्याचे तारवटलेले डोळे बघून त्यांना त्याची दया आली.

"रोज ऐकू येतं?"

"रोज."

"काल आलं होतं?"

"आलं की. म्हणून तर इथवर आलो."

मिस्त्रींनी चाळणी बाजूला ठेवली. "बरं झालं. ज्या रात्री येणार नाही, त्या रात्री उठून आधी त्यांचं दार वाजवा."

खर्चाचं, जाड काहीतरी लावण्याचं बसचालकानं पुन्हा काढलं नाही.

"त्या आतून कडी लावून झोपतात, मिस्त्री," तो म्हणाला. "नुसतं वाजवून काय होणार?"

मिस्त्री गुडघ्यावर हात रेटून उठले आणि त्यांनी हत्यारांची पिशवी उचलली. "चला. बाईंना सांगून कडीच्या जागी बाहेरूनही उघडेल असं कुलूप बसवू. एक किल्ली तुमच्याकडे ठेवा."