ताकदवाले भाऊ

"या घरात महारोगाची बाई कोण आहे?"

दारात सायकल टेकवून त्या माणसानं विचारलं, तेव्हा मला पाहायला आलेले वणीकडचे पाहुणे ओसरीवर पोहे खात होते. बाबा म्हणाले, "आमच्या इथं तसलं कोणी नाही जी. घर चुकलं तुमचं." तो म्हणाला, "नाही चुकलं," आणि त्यानं दवाखान्याच्या वहीत पाहून आईचं नाव घेतलं, बाबांच्या नावासकट. आई तेव्हाच चहाच्या कपबश्या घेऊन बाहेर येत होती. तिला पाहून तो म्हणाला, "घाबरू नका बाई. हा रोग बरा होतो. गोळ्या तेवढ्या चुकवायच्या नाहीत." तो खरं तेच बोलत होता. पण पहिल्या शब्दानंतर कोणाला काही ऐकूच गेलं नाही. मुलाच्या आत्यानं बशी खाली ठेवली, अंगणात जाऊन घशात बोट घातलं आणि खाल्लेलं सगळं बाहेर काढलं. बाकीचे आपापले जोडे शोधू लागले.

हा माणूस आमच्याकडं नवीन बदलून आलेला होता. त्याच्या आधी जे येत, त्यांना गाव 'ताकदवाले भाऊ' म्हणे. ते असते तर हे झालं नसतं, कारण त्यांच्याइतका खोटं बोलणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

मी चौथी पास होऊन घरी बसले त्या साली ते पहिल्यांदा आले. आपण तेव्हा मुंबई राज्यात होतो. घाटंजीच्या सरकारी दवाखान्यातून महारोगी शोधायला सायकलवर येत, पण गावात ते कोणाला सांगत नसत. आमची तेलाची घाणी होती, म्हणून आमच्या घरी ते तेली होते. पाटलाकडं कुणबी होते. बंजाऱ्यांच्या तांड्यावर गेले की त्यांची आजी तांड्यातलीच निघे, आणि दोन शब्द गोरबोलीत बोलून ते भाकर खाऊन येत. एकदा एका लग्नाच्या पंगतीत त्यांच्या जातीवरून दोघांची जुंपली. ताकदवाले तिथंच जेवत होते. म्हणाले, "अर्धा अर्धा वाटून घ्या मले, पण वरण थंडं होऊन राह्यलं."

त्यांचं दुसरं खोटं म्हणजे भविष्य. ओट्यावर उन्हात बसून ते सगळ्यांचे हात पाहत. बायका रांगेनं बसत. परक्या पुरुषानं अंगावरचा डाग दाखव म्हटलं असतं तर कोणी पदर हलवला नसता, पण भविष्यासाठी दंडापर्यंत हात पुढं होत. खिशातलं कोंबडीचं पीस ते हातावरून फिरवत आणि म्हणत, "डोळे मिट व मावशी, नाही तं भविष्य पळते. सांग, पीस कुठं लागलं?" मग कोपराजवळची नस दाबून पाहत. प्रत्येकीला म्हातारपणी सुख सांगत. मला म्हणाले होते, नवरा जीपगाडीतून येईल.

माझ्या आईचा हात लोखंडाचा, अशी गावात ख्याती होती. चुलीवरचा उकळता गंज, म्हणजे पातेलं, ती फडकं न घेता उतरवायची. बायका आपल्या पोरींना सांगत, "काम करावं तं असं. तुमच्यासारखं चटका बसला म्हणून बोंबलू नये." मलाही त्याचा अभिमान होता. ताकदवाल्यांनी एकदा तिला चहाचा गंज उतरवताना पाहिलं आणि त्या दिवशी कोणाचं भविष्य सांगितलं नाही. बाबांना म्हणाले, "वहिनीच्या हातात वात हाय. गोळ्या देतो." मग घाणीपाशी आले. बैल फिरत होता, घाणीची लाकडी लाट करकरत होती, बाहेर ऐकू जाण्याचा प्रश्न नव्हता. तिथं त्यांनी आईला खरं सांगितलं. मी शेजारीच पेंड गोळा करत होते.

"पह्यले तेलाच्या सुया टोचत," ते म्हणाले. "मांडी सुजे, मानूस बोंबले, अन् रोग जिथल्या तिथं राहे. आता सरकारची नवी गोळी आली. नुसती गिळायची. चार-पाच सालं लागतीन, पण रोग जाते. बोटं वाकायच्या आधी सापडली तू."

आईनं बाबांबद्दल विचारलं, "यायले सांगू?"

"तुले तेल मापायचं हाय का नाही?"

आईनं मान हलवली. घाणी बाबांची, पण गिऱ्हाइकाच्या बाटलीत तेल ओतायची ती. तिच्या हाताला महारोग म्हटल्यावर आमच्या दारात बाटली घेऊन कोण आलं असतं? मला त्यांनी जवळ बोलावून सांगितलं, "तू शिकलेली हायस. मायनं गोळी घेतली का नाही, पाहत जाय. अन् तोंड बंद."

आता एकाच घरी गोळ्यांची पुडी दिली असती, तर गावानं आठ दिवसांत ओळखलं असतं. म्हणून त्यांनी सगळ्या गावाला पुड्या वाटायला सुरुवात केली. आईच्या पुडीत रोगाची गोळी, बाकीच्यांच्या पुडीत दवाखान्यातली साधी ताकदीची गोळी. कागद सारखा, दोरा सारखा. गाव खूश झालं. शेजारचे मारोतकाका म्हणत, गोळी घेतल्यापासून मी कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला पायी जाऊन आलो. त्यांनी एकदा सांगितलं, "भाऊ, एक पुडी माह्या बैलालेही दे. लंगडून राह्यला."

"देतो. पण मंग तो तुमचं ऐकनार नाही."

"आताच कुठं ऐकते?"

अशी वर्षं गेली. आईच्या दंडावरचा फिकट डाग भरत आला. एकदा तिचा हात गंजाला लागला आणि ती "अई" म्हणून ओरडली. आम्ही दोघी चुलीपाशी बसून हसलो. तेवढं हसणं मला आठवतं.

मग जीपमधून मोठे साहेब आले. त्यांनी मारोतकाकांना विचारलं, "तुम्ही या गोळ्या कशाकरता घेता?"

"ताकदीसाठी जी."

"तुम्हाला रोग काय?"

"रोग? माह्या बापालेही नव्हता."

साहेबानं आणखी दोन-चार घरं विचारली. सगळी धडधाकट. दवाखान्याच्या गोळ्या अशा उधळल्या म्हणून ताकदवाल्यांची कळंबला बदली झाली. साहेबाचंही चुकलं म्हणता येत नाही. कुठं खऱ्या आजाऱ्याला त्या गोळ्या कमी पडल्या असतील. जाताना ताकदवाल्यांनी गावाला सांगितलं की मला बढती मिळाली. मारोतकाकांनी त्यांना नारळ दिला.

त्यानंतर नवा माणूस आला आणि पाहुण्यांसमोर काय झालं ते वर सांगितलंच आहे.

दुसऱ्या दिवसापासून घाणीवर एकही बाटली आली नाही. बाबा दिवसभर ओट्यावर बसून होते. संध्याकाळी म्हणाले, "इतकी सालं माह्या घरात खोटं शिजलं, अन् मीच ते खात होतो." रोगाचा राग त्यांना किती होता मला माहीत नाही. आपल्याला सांगितलं नाही, याचा फार होता. त्यांनी आमच्या एवढ्याशा वावराच्या बांधावर, बाजाराच्या रस्त्यालगत एक झोपडी घातली. आई आपली भांडी आपणच उचलून तिकडं गेली. मी तिच्याबरोबर गेले. मला कोणी जा म्हटलं नाही, राहा असंही म्हटलं नाही.

नवा माणूस झोपडीवरही न चुकता येई. त्याला नावं ठेवणार नाही. पण आई त्याच्या पुड्या कुडाच्या भिंतीत खोचून ठेवी. "बरी होऊन कुठं जायचं हाय मले?" म्हणे. तिच्या टाचेत काटा मोडला तो तिला कळलाच नाही. टाच सडली तेव्हा वासानं मला कळलं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळू लागलं. मग मी कळंबला जाणाऱ्या एका बैलगाडीत बसून ताकदवाल्यांना शोधायला गेले.

ते दवाखान्याच्या मागं मलमाच्या डब्या भरत बसले होते. मला पाहून हसले आणि माझं तोंड पाहून थांबले. मी सगळं सांगितलं. मग म्हटलं, "तुम्ही पह्यल्या दिवशी खरं सांगतलं असतं, तं लोकायले आतापर्यंत सवय झाली असती. तुमच्या खोट्यापायी माय गावाबाहेर पडली."

ते डबी पुसत राहिले. म्हणाले, "सांगतलं होतं व पोरी. नोकरीतल्या पह्यल्या गावात चारचौघात सांगतलं होतं. पुढच्या खेपेले गेलो तं त्या घराले कुलूप. मानसं कुठं गेली, कोणी सांगे ना. मंग म्या खरं बोलनं सोडलं."

"मंग आता?"

त्यांनी पुढची डबी भरायला घेतली. मी परत आले.

घाटंजीच्या बाजाराच्या दिवशी ते आले. सगळं गाव त्या रस्त्यानं चाललं होतं. त्यांनी सायकल झोपडीला टेकवली, रस्त्याकडं तोंड करून बसले आणि आईला म्हणाले, "वहिनी, चहा टाक." आईनं त्या वळलेल्या बोटांनी कप दिला. ते घोटाघोटानं प्याले आणि ओरडून सांगू लागले, "पाहा रे! या बाईले महारोग हाय. गोळ्या घेतल्या तं जाते. इतकी सालं म्या हिच्या हातचा चहा पेलो. मले काय झालं?"

लोक थांबले, पण लांबच. कोणीतरी म्हणालं, "हा? हा तं पह्यल्यापासूनच खोटा!" दुसरा म्हणाला, "याचा बाप एका घरी तेली, दुसऱ्या घरी कुणबी." मग मारोतकाका पुढं आले. "ताकदीची म्हणून महारोगाच्या गोळ्या चारल्या का रे आमाले?"

"नाही काका. तुमची ताकदीचीच होती. देवाची आन."

"कोन्या देवाची? दर घरी तुहा देव दुसरा."

कोणी मारलं नाही. पोरांनी सायकलीच्या दोन्ही चाकांची हवा सोडली आणि लोक बाजाराला गेले. आयुष्यात एकदा तो माणूस चारचौघात खरं बोलला आणि एकानंही मानलं नाही. याचा राग मला गावाचा येतो तेवढाच त्यांचाही येतो. इतका गोड माणूस. एखादं घर तरी त्यांनी खऱ्यासाठी राखून ठेवायचं होतं.

त्यांनी कप विसळून ठेवला. मग म्हणाले, "वहिनी, कोणी ऐकलं नाही."

आई म्हणाली, "म्या ऐकलं नं, भाऊ." तिनं कुडातली पुडी काढली आणि त्यांच्यासमोर गोळी गिळली. ते उठले, हवा नसलेली सायकल ढकलत कळंबच्या रस्त्याला लागले. पुन्हा आले नाहीत. पुढं ते वारल्याचं घाटंजीच्या दवाखान्यात कळलं. कशानं, ते तिथं कोणाला माहीत नव्हतं.

आईनं त्यानंतर गोळी चुकवली नाही. काही वर्षांनी डॉक्टरांनी तिचं सगळं अंग तपासून सांगितलं, रोग संपला. बोटं मात्र वळली तशीच राहिली. मी बाबांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "कोणाच्या सांगण्यावर मानू?" घाणी बंद पडली, ते दुसऱ्याच्या शेतात राबले आणि तिच्या हातचं पाणी न पिता गेले. माझं लग्न झालं नाही. आई त्या झोपडीतच म्हातारी झाली, आणि गेली ती दम्यानं. त्या घरातली आता मी एकटी आहे.